मजकूर आणि बाइट: सरमिसळ पकडायची कुठे?

‘मराठी’ हा शब्द किती लांब आहे, असे संगणकाला विचारले तर तीन उत्तरे येऊ शकतात आणि तिन्ही बरोबर असतात. वाचणाऱ्याला त्यात ३ अक्षरे दिसतात: म, रा, ठी. युनिकोडच्या हिशेबाने त्यात ५ कोड पॉइंट आहेत, कारण काना आणि वेलांटी यांना स्वतःचे वेगळे क्रमांक आहेत. हाच शब्द यूटीएफ-८ पद्धतीने फाइलीत लिहिला, की तो १५ बाइट व्यापतो, कारण तिथे देवनागरीच्या प्रत्येक कोड पॉइंटला ३ बाइट लागतात. आता रोमन लिपीत लिहिलेले ‘पुणे’ घ्या. अक्षरे ४, कोड पॉइंट ४, बाइट ४. तिन्ही मोजमापे एकच आकडा देतात, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आपण नक्की काय मोजतो आहोत याचा विचार करण्याची गरजच पडत नाही.

या पुस्तिकेचा सगळा विषय या योगायोगातून जन्मला आहे. मजकूर ही एक वस्तू आहे आणि बाइट ही दुसरी. कोड लिहिताना त्या दोन्ही नकळत एकमेकींत मिसळतात, आणि जोवर माहिती इंग्रजीत आहे तोवर ही सरमिसळ कुठेच दिसत नाही. चाचण्या हिरव्या येतात, ग्राहक खूश असतो, वर्षे जातात. मग एक दिवस कुणी आपले नाव देवनागरीत भरते आणि प्रोग्रॅम कोसळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे न कोसळता ते नाव बिघडवून साठवतो. अशी चूक मिसळण्याच्या जागी पकडली पाहिजे. ती फुटण्याच्या जागेपर्यंत जाऊ देणे म्हणजे तिचा शोध आपल्याऐवजी वापरणाऱ्यावर सोपवणे. पुढची सर्व प्रकरणे हे एकच म्हणणे निरनिराळ्या बाजूंनी मांडतात.

आधी मूळ भेद स्पष्ट करू. बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. त्याला लिपी नसते, भाषा नसते. तो आकडा कोणत्या कराराने वाचायचा हे ठरले, की त्यातून मजकूर निघतो. या कराराला एन्कोडिंग म्हणतात. आस्की हा करार अमेरिकेत १९६३ मध्ये ठरला आणि त्यात १२८ जागा होत्या: रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि काही नियंत्रण-संकेत. आपल्याकडे १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक आले. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानाने ते अनेक कार्यालयांतल्या संगणकांवर पोहोचवले. इस्कीने आस्कीच्या १२८ जागा तशाच ठेवल्या आणि वरच्या जागा भारतीय लिप्यांना दिल्या, त्याही सामाईक. म्हणजे एकच बाइट देवनागरी निवडलेली असताना ‘म’ दाखवी आणि तमिळ निवडलेली असताना तमिळमधला ‘म’. कोणती लिपी, हे सोबत सांगितले नसेल तर त्या बाइटला काही अर्थच उरत नाही. एन्कोडिंगची सगळी अडचण एवढ्या एका उदाहरणात सामावलेली आहे.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिने प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देण्याचा मार्ग धरला. पुढच्याच वर्षी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ची रचना केली. आस्कीचे १२८ बाइट तिथे जसेच्या तसे चालतात, बाकी चिन्हे २ ते ४ बाइटच्या गटांत जातात. या रचनेमुळे जुनी इंग्रजी फाइल यूटीएफ-८ म्हणूनही शुद्ध ठरते. जगाने ती इतक्या सहज स्वीकारली त्याचे हे मोठे कारण. पण याच सोयीने आपला योगायोग टिकवून ठेवला: इंग्रजीपुरते बाइट आणि मजकूर अजूनही एकसारखेच दिसतात.

या पुस्तिकेत मी प्रामुख्याने पायथन या भाषेचे उदाहरण घेतले आहे. पायथनमध्ये ही सरमिसळ सर्वाधिक झाली असे नाही. पण तिने आपली चूक जगासमोर दुरुस्त केली, त्यासाठी मोठी किंमत मोजली आणि त्या प्रवासात सरमिसळ पकडण्याची जवळजवळ प्रत्येक रीत वापरून पाहिली. विषय शिकायला याहून चांगला इतिहास मला माहीत नाही.

पायथन २.० ही आवृत्ती ऑक्टोबर २००० मध्ये आली आणि तिने युनिकोड मजकुरासाठी नवा प्रकार आणला. जुना स्ट्रिंग प्रकार खरे तर बाइटचाच होता, पण तोही मजकूर म्हणूनच वापरात होता. दोन्ही प्रकार एकत्र नांदावेत म्हणून भाषेने एक सवलत दिली: बाइटची स्ट्रिंग आणि युनिकोड स्ट्रिंग जोडायची वेळ आली, की पायथन न विचारता बाइटना आस्की समजून त्यांचा मजकूर करून घेई. रोमन लिपीतले ‘पुणे’ असले तर जोड बिनबोभाट होई. देवनागरीतले ‘पुणे’ आले तर पहिलाच बाइट २२४, म्हणजे १२८ च्या बाहेरचा. आस्की कोडेकला, म्हणजे त्या एन्कोडिंगप्रमाणे रूपांतर करणाऱ्या भागाला, तो उलगडता येत नाही असा संदेश देऊन प्रोग्रॅम थांबे. कोड तोच, ओळ तीच. चूक दिसेल की नाही हे ठरे आलेल्या माहितीवर.

खरा त्रास पुढे होता. समजा, एका अर्जातले नाव बाइटच्या रूपात आत आले. ते तसेच डेटाबेसमध्ये गेले, तिथून अहवालात आले, आणि अहवालाच्या साच्यातल्या युनिकोड शीर्षकाशी जोडताना फुटले. एरर अहवालाच्या ओळीकडे बोट दाखवते. चूक मात्र अर्ज वाचणाऱ्या ओळीत झालेली असते, आणि ती ओळ कदाचित दुसऱ्याच टीमने लिहिलेली असते. त्यात आणखी गोंधळ असा, की आधीच बाइट असलेल्या स्ट्रिंगला कुणी ‘एन्कोड कर’, म्हणजे मजकुराचे बाइट कर, म्हटले तर पायथन २ तिला आधी गुपचूप डीकोड करू पाही, म्हणजे बाइटचा मजकूर करू पाही, आणि तिथेच पडे. माणूस एन्कोड करायला सांगतो आणि तक्रार येते डीकोडची! नवशिक्याने यातून नेमका काय बोध घ्यायचा?

बहुतेकांनी चुकीचा बोध घेतला. जिथे एरर येई तिथे एक डीकोड चिकटवायचा. तो दुसरीकडे फुटला की तिथे एन्कोड चिकटवायचा. काहींनी न उलगडणारे बाइट सरळ टाकून द्या असा पर्याय निवडला. देवनागरी मजकुराच्या बाबतीत आस्कीसोबत हा पर्याय वापरला तर संपूर्ण नावच नाहीसे होते आणि मधली रिकामी जागा तेवढी उरते. आणखी काहींनी भाषेचे मूलभूत एन्कोडिंगच आस्कीऐवजी यूटीएफ-८ करून टाकले. पायथन सुरू होतानाच ती सोय काढून घेत असे, तरी ती परत मिळवण्याची युक्ती प्रसिद्ध झाली होती. त्याने एरर थांबत. सरमिसळ मात्र तशीच राही, आणि जी एरर चुकीचा पत्ता सांगू शकली असती तीही आता गप्प होई. गप्प झालेली चूक ही सुधारलेली चूक नसते, हे या क्षेत्रात फार महागात शिकले गेले आहे.

त्याच मूलभूत एन्कोडिंगच्या सोयीचा एक सुंदर, उलटा उपयोगही होता. पायथनच्या मानक संग्रहात ‘अनडिफाइन्ड’ नावाचे एक कोडेक आहे. त्याचे एकच काम: कुठलेही रूपांतर मागितले की एरर देणे. ते मूलभूत म्हणून बसवले, की बाइट आणि मजकूर जिथे जिथे न सांगता जोडले जातात तिथे तिथे प्रोग्रॅम तत्काळ थांबे, माहिती इंग्रजी असली तरी. सरमिसळ शोधणाऱ्या साधनांचे मूळ तत्त्व मला इथे दिसते. चांगला शोधक माहितीच्या स्वभावावर विसंबत नाही. रोमन ‘पुणे’ आणि देवनागरी ‘पुणे’ यांना तो एकाच न्यायाने वागवतो.

पायथन ३.० ने ३ डिसेंबर २००८ रोजी हेच तत्त्व भाषेच्या गाभ्यात आणले. अवतरण चिन्हांतला साधा शब्द आता मजकूर झाला, बाइटसाठी वेगळा प्रकार आणि वेगळा उपसर्ग आला, आणि दोन्ही जोडण्याचा प्रयत्न केला की पहिल्याच वेळी प्रकाराची एरर येऊ लागली. चुकीचे दिसणे आता वस्तूच्या प्रकारावर अवलंबून राहिले, आतल्या माहितीवर नाही. बदल एवढाच, पण त्यामुळे देवनागरी, तमिळ, अरबी किंवा जपानी वापरणारा माणूस दुसऱ्याच्या चुकीचा पहिला बळी व्हायचा थांबला.

तरीही तीन फटी राहिल्या, आणि सरमिसळ आज त्यांतूनच शिरते. पहिली फट तुलनेची. बाइटमधले ‘क’ आणि मजकुरातले ‘क’ समान आहेत का, असे विचारले तर पायथन ३ निमूटपणे ‘नाही’ म्हणते. एरर नाही, इशारा नाही. अट खोटी ठरते आणि प्रोग्रॅम दुसऱ्या वाटेने निघून जातो. दुसरी फट शब्दकोशाची. डिक्शनरीत किल्ली मजकूर म्हणून ठेवली आणि बाइट म्हणून शोधली, तर ती सापडतच नाही. तिसरी सर्वांत फसवी: बाइटना थेट स्ट्रिंगमध्ये बदलले किंवा एखाद्या साच्यात भरले, तर त्यांचा उपसर्ग आणि अवतरण चिन्हे यांच्यासकट छापील रूप मजकुरात शिरते. वेबपानावर किंवा फाइलच्या नावात एखाद्या शब्दाआधी विनाकारण रोमन ‘बी’ आणि अवतरण चिन्ह दिसले, तर समजावे की मागे कुणीतरी डीकोड करायला विसरले आहे. मजकूर देवनागरी असेल तर अवतरण चिन्हांत अक्षरांऐवजी षोडशमान आकड्यांची रांग दिसते.

या तिन्ही फटींसाठी पहारा आहे. पायथन चालवताना ‘डॅश बी’ हा पर्याय दिला, तर अशा तुलनांवर आणि रूपांतरांवर इशारा येतो. ‘डॅश बी-बी’ दिला, तर थेट एरर येते. चाचण्या या दुहेरी पर्यायाने चालवणे ही विनामूल्य आणि अत्यंत परिणामकारक सवय आहे. चाचणी न चालवताही बरेच काही पकडता येते. पायथन ३.५ पासून प्रकारांच्या टिपा लिहिण्याची प्रमाण पद्धत आली. मायपाय हे साधन त्या टिपा वाचून मजकूर मागणाऱ्या फंक्शनला बाइट दिले तर कोड चालवण्याआधीच सांगते. बाइट साच्यात भरले तर तुम्हाला अपेक्षित शब्द मिळणार नाही, असा वेगळा इशाराही ते देते. फाइल उघडताना एन्कोडिंग सांगायचे राहिले, तर पायथन ३.१० पासून त्यावरही इशारा मागता येतो.

एवढे स्पष्ट होते, तर हे स्थित्यंतर इतके लांबले का? पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. म्हणजे नव्या आवृत्तीनंतर ११ वर्षे जुनी चालत राहिली. याचे उत्तर आळसात शोधणे अन्यायाचे होईल. जगात अशी माहिती आहे जी खरोखरच सीमेवर राहते. युनिक्स प्रणालीत फाइलचे नाव हे बाइट असते. ते कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे हे कुठेच नोंदलेले नसते. अशा नावांसाठी पायथनने २००९ मध्ये एक तोड काढली: न उलगडणारे बाइट विशेष राखीव कोड पॉइंटमध्ये लपवायचे आणि बाहेर लिहिताना जसेच्या तसे परत करायचे. नेटवर्कवरचे संदेशही अर्धे मजकुरासारखे, अर्धे बाइट असतात. त्यांच्यासाठी बाइटमध्ये टक्केवारी चिन्हाने मूल्ये भरण्याची काढून टाकलेली सोय २०१५ मध्ये परत आणावी लागली. मर्क्युरिअल या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीला तर जवळजवळ सर्वत्र बाइटच हवे होते, कारण लोकांच्या फाइलीतला एकही बाइट बदलण्याचा तिला अधिकार नाही. तिच्या निर्मात्यांना कोडमधल्या असंख्य शब्दांना बाइटचा उपसर्ग लावावा लागला. सीमेवरचे हे प्रश्न समजून घेतल्याशिवाय कुणी नियम सांगू लागला, तर त्याचा नियम पहिल्याच खऱ्या प्रकल्पात मोडतो.

गल्लत उलट दिशेनेही होते: बाइटना मजकूर समजून त्यांना हात लावला जातो. पूर्वी फाइल पाठवताना ‘टेक्स्ट’ आणि ‘बायनरी’ असे दोन मार्ग असत, आणि चित्र चुकून टेक्स्ट मार्गाने पाठवले की ओळी संपवणारे बाइट बदलून ते निकामी होई. १९९० च्या दशकाच्या मध्यावर पीएनजी हा चित्रप्रकार घडवणाऱ्यांनी यावर जी योजना केली, ती अभ्यासण्यासारखी आहे. प्रत्येक पीएनजी फाइल याच आठ बाइटनी सुरू होते: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. पहिला १२८ च्या वरचा आहे. वाटेत कुणी आठवा बिट कापला तर तो बदलतो. पुढचे तीन म्हणजे रोमन लिपीतले नाव. १३ आणि १० ही ओळ संपवण्याची जोडी, शेवटचा १० ही एकट्याने ओळ संपवण्याची रीत. कुणी एकीचे दुसरीत रूपांतर केले तर ते इथेच उघड होते. चित्राचा एकही ठिपका वाचण्याआधी फाइल स्वतःच सांगते की मला मजकूर समजून वागवले गेले. गिट ही आवृत्ती-नियंत्रण प्रणालीही फाइल बायनरी आहे का, हे ठरवताना सुरुवातीच्या भागात शून्य मूल्याचा बाइट आहे का ते पाहते. हा अंदाज आहे, खात्री नाही. पण कामाचा आहे.

प्रकारांच्या पहाऱ्याला मर्यादा आहेत, हेही सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. वस्तू मजकूर आहे एवढे प्रकार सांगतो. तो मजकूर खरा आहे का, हे सांगत नाही. पायथनमधले वेब सर्व्हर आणि प्रोग्रॅम यांच्यातल्या प्रमाण कराराप्रमाणे पत्त्याचा भाग मजकूर प्रकारात येतो, पण आत असतात बाइट, प्रत्येक बाइट लॅटिन-१ या एन्कोडिंगचे एक अक्षर समजून बसवलेला. अशा वेळी ‘म’ चे २२४, १६४, १७४ हे तीन बाइट तीन चिन्हे होऊन दिसतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, चलनाचे गोल चिन्ह आणि वर्तुळातला ‘आर’. देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट यूटीएफ-८ मध्ये २२४ ने सुरू होतो आणि दुसरा बाइट १६४ किंवा १६५ असतो. म्हणून बिघडलेल्या मराठीत तो तिरक्या रेघेचा ‘ए’ पुन्हा पुन्हा येतो, आणि ही खूण साध्या शोधानेही सापडते. असा बिघडलेला मजकूर पुन्हा एन्कोड झाला की ३ बाइटचे ६ होतात, त्यानंतर १२. साठवलेल्या नावांची लांबी अवाजवी दुप्पट झालेली दिसली, तर संशय इथेच घ्यावा.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडच्या छपाईत आणि कार्यालयांत श्री-लिपीसारख्या प्रणालींचे फाँट चालत. त्यांत संगणकाच्या लेखी असत निराळीच चिन्हे, आणि पडद्यावर देवनागरी दाखवण्याचे काम फाँट करी. असा जुना मजकूर कुठल्याही प्रकार-तपासणीतून बिनतक्रार पार होतो आणि तरीही तो मराठी नसतो. त्याची ओळख वेगळ्या पद्धतीने पटवावी लागते. त्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

उपायाचा सांगाडा मात्र साधा आहे. नेड बॅचेल्डर यांनी २०१२ च्या पायकॉन परिषदेतल्या व्याख्यानात तो फार नेमकेपणाने मांडला होता: माहिती आत येते त्या सीमेवर बाइटचा मजकूर करा, आत सर्वत्र फक्त मजकूर वापरा, आणि बाहेर जाताना पुन्हा बाइट करा. जँगो या पायथनमधल्या वेब-चौकटीने २०१७ अखेरच्या २.० आवृत्तीत पायथन २ चा आधार सोडला, तेव्हा हीच अपेक्षा नोंदवली: बाइटच्या स्ट्रिंग फक्त आत-बाहेरच्या सीमेवर भेटाव्यात. इतर भाषांनीही आपापले रस्ते काढले. रस्टमध्ये मजकूर प्रकाराला यूटीएफ-८ शुद्धतेची हमी असते. गोमध्ये स्ट्रिंग म्हणजे बाइटच, त्यामुळे जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. जावाने २०२२ मध्ये, १८ व्या आवृत्तीत, न सांगितलेले एन्कोडिंग यूटीएफ-८ मानायला सुरुवात केली. रस्ते वेगळे असले, तरी प्रत्येकीला द्यावे लागणारे उत्तर एकाच प्रश्नाचे आहे: सीमा कुठे आहे, आणि तिथे कोण उभे आहे?

पुस्तिकेची रचना या क्रमानेच आहे. आधी बाइट, कोड पॉइंट आणि अक्षर यांचे हिशेब. मग पायथन २ मधल्या चुकांचे नमुने, कारण असा कोड आजही चालू प्रणालींत भेटतो. मग पायथन ३ मधल्या तीन फटी आणि त्यांवरचे पहारे. मग सीमेवरची माहिती. आणि शेवटी आधीच बिघडलेला मजकूर ओळखणे आणि सोडवणे. ज्यांना थोडाफार पायथन येतो त्यांना सर्व प्रकरणे वाचता येतील. ज्यांना येत नाही, पण मराठी माहितीचे साठे सांभाळायचे आहेत, त्यांनी पहिले आणि शेवटचे प्रकरण वाचले तरी पुष्कळ मिळेल.

मराठी प्रोग्रॅमरकडून माझी एक विशेष अपेक्षा आहे. आपल्या चाचण्यांतली नावे बहुधा रोमन लिपीत असतात, आणि म्हणूनच त्या चाचण्या आपल्याच भाषेसमोर आंधळ्या असतात. त्यांत देवनागरी नाव घाला. ‘दऱ्या’ हा शब्द घाला, कारण त्यातला नुक्त्याचा ‘ऱ’ एका कोड पॉइंटने लिहिता येतो तसा दोन मिळूनही लिहिता येतो. रुपयाचे चिन्ह घाला. ते २०१० मध्ये युनिकोडमध्ये आले आणि जुन्या प्रणालींना अनोळखी आहे. एखादी इमोजी घाला, कारण ती ४ बाइटची असते आणि मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ-८’ मध्ये ३ बाइटपर्यंतचेच मावत असे, त्यामुळे देवनागरी पार होई आणि ती अडके. ५० बाइटची मर्यादा असलेल्या रकान्यात लांब आडनाव भरून पाहा: १६ कोड पॉइंट मावतील, आणि सतरावा दोन बाइटांनंतर तुटेल.

ही चार-पाच नावे आणि ‘डॅश बी-बी’ एवढे ज्या प्रकल्पात आहे, तिथे सरमिसळ लिहिणाऱ्याच्या मेजावरच सापडण्याची शक्यता खूप वाढते. ज्या माणसाला आपले नाव आपल्या लिपीत लिहायचे आहे, त्याच्यावर प्रणालीतली चूक शोधून देण्याची पाळी येऊ नये. ते काम आपले आहे, ते करता येण्याजोगे आहे, आणि त्याची साधने आज प्रत्येकाच्या संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहेत. ती हाताशी घेऊन पहिल्या प्रकरणाकडे वळावे.